मेटल डिटेक्टर, जुनी नाणी आणि माझा खिळ्यांचा डबा

खिळेसम्राट (धागाकर्ता)

सहा महिन्यांपूर्वी मेटल डिटेक्टर घेतला. जुन्या नाण्यांची हौस लहानपणापासूनची, सवड आत्ता मिळाली. दर रविवारी सकाळी तीन-चार तास एका शेतात फिरतो. शेताच्या कडेने पूर्वी एक वाट जायची, ती आता फक्त जुन्या नकाशात उरली आहे. मालकाची लेखी परवानगी घेतली आहे, कायद्याचंही विचारून घेतलंय. तो विषय बाजूला ठेवू.

सहा महिन्यांची कमाई अशी : खिळे (मोजणं सोडलं), बाटल्यांची बुचं, शीतपेयाच्या डब्यांच्या ओढायच्या कड्या, एक बिजागरी, अर्धी कात्री, पातळ पत्र्याचा एक अर्धगोल तुकडा, शिशाची एक गोळी आणि एक नाणं. नाणं चालू वर्षातलं आहे आणि ते माझ्याच खिशातून पडलं असणार असं बायकोचं म्हणणं आहे. सगळा ऐवज एका डब्यात ठेवलाय. डबा आता एका हाताने उचलत नाही.

यंत्र साधं आहे, व्हीएलएफ (कमी वारंवारतेवर चालणारं), ११ इंची कॉइल, म्हणजे जमिनीवरून फिरवायची टोकाची चकती. डिस्क्रिमिनेशन पूर्ण चढवून ठेवतो, म्हणजे लोखंडावर यंत्र गप्प बसतं. नाहीतर कानात नुसता कलकलाट. एवढं करून निघतात खिळेच! आता १५ इंची कॉइल घ्यावी म्हणतोय, म्हणजे खोलवरचं सापडेल. माझं चुकतंय कुठे, की शेतच कोरडं आहे?

गंजकाका

१५ इंची कॉइल अजिबात घेऊ नका. आधी ते डिस्क्रिमिनेशन उतरवा.

तुम्हाला वाटतं, लोखंड गाळलं की उरलेलं चांगलं ऐकू येईल. तसं होत नाही. कॉइलखाली एकाच वेळी खिळा आणि नाणं असेल तर यंत्राला दोघांचा मिळून एकच गोंधळ ऐकू येतो. त्यात लोखंडाचा आवाज मोठा. तुम्ही लोखंडाला गप्प केलंत की शेजारचं नाणंही गप्प बसतं. जुन्या वस्तीच्या, जुन्या वाटेच्या जागी खिळे असणारच, आणि नाणी असतील तर त्याच खिळ्यांच्या गर्दीत.

हे दुखणं यंत्राइतकंच जुनं आहे. १८८१ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. गोळी शरीरात कुठे आहे ते डॉक्टरांना सापडेना. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल स्वतः तयार केलेलं यंत्र घेऊन आले. यंत्र चांगलं होतं, पण पलंगाच्या गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या. भरीस भर म्हणजे गोळी उजवीकडेच आहे यावर डॉक्टर ठाम, म्हणून त्यांनी तेवढीच बाजू तपासू दिली. गोळी निघाली डावीकडे, आणि तीही शवविच्छेदनात. तुमची अवस्था तीच आहे. स्प्रिंगांवर फिरताय आणि एकच बाजू बघताय.

खिळेसम्राट

काका, उदाहरण जबरदस्त, पण पेशंट मेला हे सांगायची गरज होती का? :)
बरं, डिस्क्रिमिनेशन चढवूनही खिळे का वाजतात मग?

गंजकाका

कारण यंत्राला खिळा दिसत नाही, त्याला फक्त उशीर दिसतो. कॉइल बदलतं चुंबकी क्षेत्र सोडते. त्यामुळे जमिनीतल्या धातूत भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात आणि ते स्वतःचं क्षेत्र परत पाठवतात. परत आलेली लहर मूळ लहरीपेक्षा किती मागे पडली ते मोजून यंत्र आकडा काढतं. चांदी, तांबं यांचा आकडा वर. चॉकलेटचा चंदेरी कागद खाली. मधे सगळी खिचडी. पातळ सोन्याची वस्तू आणि तो चंदेरी कागद शेजारी शेजारी बसतात, आणि डब्याच्या कडीच्या आकड्यावर सोन्याची अंगठीही वाजू शकते. म्हणून कडी गाळणारा माणूस अंगठी पण गाळतो.

वाकडा खिळा, घोड्याचा नाल, लोखंडाची चपटी पट्टी, वॉशर ही मंडळी ठग आहेत, चांदीचा आवाज काढतात. ओळखायची खूण सोपी आहे. सिग्नल लागला की काटकोनात वळून पुन्हा कॉइल फिरवा. नाणं दोन्ही बाजूंनी सारखं वाजतं. खिळा एका बाजूने गातो आणि दुसऱ्या बाजूने गप्प बसतो किंवा आवाज जागेवरून सरकतो. अपवाद आहेत. उभं रुतलेलं नाणंही नखरे करतं. पण दहातले बरेच खड्डे वाचतील.

वाळूवेडी

काकांना अनुमोदन. मी तर उलट सांगेन, ६ इंची कॉइल घ्या. मोठी कॉइल खोल जाते हे खरं, पण तिच्याखाली एका वेळी जास्त कचरा येतो, आणि तुमची अडचण खोलीची नाहीच. साधं नाणं साध्या यंत्राला वीतभर खोलीपर्यंत मिळालं तरी खूप झालं. लहान कॉइल दोन खिळ्यांच्या मधे डोकावू शकते.

आणि हळू चाला हो. बहुतेक नवे लोक गवत कापल्यासारखं यंत्र फिरवतात, झोक्याच्या टोकाला कॉइल वर उचलतात. कॉइल जमिनीला समांतर आणि जवळजवळ टेकलेली हवी. तिचा प्रभाव खाली निमुळता होत जातो, त्यामुळे प्रत्येक झोका आधीच्या झोक्यावर निम्मा तरी चढला पाहिजे. पाऊस पडून गेल्यावर जा. ओल्या मातीत सिग्नल बरा लागतो आणि खणणंही सोपं जातं.

मी स्वतः समुद्रकिनाऱ्यावर फिरते. तिथे वेगळंच प्रकरण. खारी ओली वाळू स्वतःच वीज वाहते, त्यामुळे एकाच वारंवारतेचं व्हीएलएफ यंत्र वेड्यासारखं बडबडतं. तिथे पल्स इंडक्शन (सलग लहरीऐवजी थांबून थांबून ठोके सोडणारं) किंवा अनेक वारंवारतांचं यंत्र लागतं. पल्सवाल्याला लोखंड ओळखता येत नाही, वाजलं की खणा. वाळूत खणायला कष्ट नाहीत म्हणून चालतं. तुमच्या शेतात कंबर जाईल.

टकसाळ

तांत्रिक बाजू जाणकारांनी सांगितलीच आहे. मी फक्त नाण्यांपुरतं बोलतो.

पडलेलं नाणं आणि पुरलेलं नाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुरणारा माणूस निवडून पुरतो, जड, चांगलं, किमतीचं. पडणारं नाणं कोणी निवडत नाही. सोन्याचं नाणं हरवलं तर माणूस कंदील घेऊन रात्रभर शोधेल. चिल्लर पडली तर चार पावलं मागे येऊन बघेल आणि जाईल. म्हणून शेतात सुटं सापडतं ते बहुतेक लहान, झिजलेलं, हलक्या धातूचं. रस्त्यावरच्या माणसाच्या मुठीत खरोखर काय होतं ते साठ्यातून कळत नाही, या भिकार नाण्यांतून कळतं. संग्रहालयाच्या काचेमागे मात्र साठेच मिरवतात. मला स्वतःला ती झिजकी नाणी जास्त आवडतात.

आता कामाचा प्रश्न. तुमच्या यादीत 'पातळ पत्र्याचा अर्धगोल तुकडा' आहे. त्याची सरळ बाजू कशी आहे? तुटल्यासारखी वेडीवाकडी, की कापल्यासारखी? आणि गंजलाय का?

सुवर्णयोग७

मधे बोलतो, माफ करा. २० मीटरवरून सोनं दाखवणाऱ्या लाँग रेंज डिटेक्टरची जाहिरात पाहिली. दोन अँटेना असतात, सोन्याच्या दिशेने आपोआप वळतात. कोणी वापरलाय का? गुप्तधनासाठी हवा आहे.

गंजकाका

@सुवर्णयोग७, पैसे खिशात ठेवा. सैल धरलेली काडी मनगटाच्या न कळणाऱ्या हालचालीने वळते, धातूचा काही संबंध नसतो. एडीई ६५१ नावाचं असंच यंत्र बॉम्बशोधक म्हणून इराकसारख्या देशांना विकलं गेलं. मुळात ते गोल्फचे हरवलेले चेंडू शोधायच्या गमतीच्या खेळण्यावर बेतलेलं. तपासनाक्यांवर सैनिक त्याच्या भरवशावर गाड्या सोडत होते. २०१३ मध्ये विक्रेत्याला ब्रिटनमध्ये १० वर्षांची कैद झाली. तुमची अँटेना त्याच कुळातली.

आणि गुप्तधन हा शब्द आला की मी धाग्यातून उठतो.

थरावरथर

सगळे उत्साहात आहात, म्हणून वाईटपणा मी घेते. पुरातत्त्व शिकले आहे, त्यामुळे हा छंद म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो.

नाणं जमिनीत असतं तेव्हा ते वाक्यातल्या शब्दासारखं असतं. कोणत्या थरात, कशाच्या शेजारी, चुलीच्या राखेत की पायाच्या दगडाखाली, यावरून त्या थराचा काळ ठरतो. तुम्ही खड्डा करून ते उचललंत की शब्द हातात येतो आणि वाक्य पुसलं जातं. मग ते नाणं कितीही सुंदर असो.

कायदा बाजूला ठेवू म्हणालात, तोही असा ठेवता येत नाही, कारण इथे वाचणारे सगळे एका देशातले नाहीत. भारतात १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे : जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. संरक्षित स्मारकांच्या जागी तर परवान्याशिवाय खणायचंच नाही. आयर्लंडमध्ये पुरातन वस्तू शोधायला परवान्याविना डिटेक्टर वापरणंच गुन्हा आहे. फ्रान्समध्ये आधी प्रशासनाची परवानगी लागते. इंग्लंडमध्ये सैल आहे, पण तिथेही ३०० वर्षांहून जुनी सोन्याचांदीची दोन नाणी एकत्र सापडली तर तो 'ट्रेझर' होतो आणि १४ दिवसांत कळवणं बंधनकारक आहे.

न कळवल्याचं काय होतं? २०१५ साली इंग्लंडच्या हेरफर्डशरमध्ये, लेमिन्स्टरजवळ, दोघा डिटेक्टरवाल्यांना व्हायकिंग काळातला साठा सापडला. सुमारे ३०० नाणी असावीत. त्यांनी परस्पर विकायला काढली. २०१९ मध्ये दोघं तुरुंगात गेले, पण नाणी बहुतेक गायबच, हाती आली जेमतेम तीसेक. त्या थोडक्या नाण्यांतल्या काहींवर दोन राजे शेजारी शेजारी बसलेत, वेसेक्सचा आल्फ्रेड आणि मर्सियाचा केओलवुल्फ (दोन्ही तेव्हाची इंग्लंडमधली राज्यं) यांच्या मैत्रीचा पुरावा. नंतरच्या बखरींनी या केओलवुल्फला कठपुतळी म्हणून मोडीत काढलं होतं. उरलेल्या नाण्यांवर काय होतं ते आता कोण सांगणार?

वाळूवेडी

ताई, सगळ्यांना एका तराजूत तोलू नका. चोर चोरच असतो, त्याच्या हातात फावडं असो की यंत्र.

१९९२ ची, इंग्लंडमधल्या हॉक्सन गावची गोष्ट घ्या. शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला म्हणून त्याचा ओळखीचा निवृत्त माणूस, एरिक लॉज, डिटेक्टर घेऊन गेला. हातोड्याआधी निघाली रोमन नाणी आणि चांदीचे चमचे. त्याने काय केलं? थोडं काढून थांबला आणि कळवलं. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्ववाले आले, म्हणून लाकडी पेटी कुजून गेली होती तरी आत काय कसं रचलं होतं ते कळलं. सुमारे १५,००० नाणी. हातोडाही सापडला, तो आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. साध्या हातोड्याचं एवढं नशीब!

टकसाळ

हॉक्सनपेक्षा मला इंग्लंडमधल्याच फ्रोमचं उदाहरण जवळचं वाटतं. एप्रिल २०१०, डेव्ह क्रिस्प. फूटभर खाली बारकी नाणी आणि मडक्याचा काठ लागला. त्याने हात आवरला, खड्डा बुजवला आणि फोन केला. हे लिहायला सोपं आहे. मडकं भरलेलं आहे हे कळल्यावर माती परत लोटणं काय असतं, विचार करून बघा.

मग उत्खननवाल्यांनी मडकं थराथराने रिकामं केलं. ५२,५०३ नाणी, वजन १६० किलो. घाईने उपसलं असतं तर आकडा तोच आला असता. पण थर वेगळे ठेवल्यामुळे दिसलं की सर्वांत नवी, रोमन काळात ब्रिटनवर राज्य केलेल्या करॉशियसची नाणी वर नव्हती, बरीच खाली होती. म्हणजे कोणी वर्षानुवर्षं गल्ल्यात टाकावीत तशी ती साठलेली नाहीत, बहुधा एकाच वेळी ओतलेली आहेत. शिवाय एवढ्या वजनाचं ते पातळ मडकं भरल्यावर उचलताच आलं नसतं. आधी पुरलं, मग भरलं. परत काढायचंच नव्हतं की काय, देवाला वाहिलं होतं की काय, असा वाद त्यातून सुरू झाला. हे सगळं एका माणसाने फावडं खाली ठेवल्यामुळे.

थरावरथर

फ्रोम मान्य. क्रिस्पसारखे सगळे असते तर माझी तक्रार नव्हती. यंत्राशीही माझं भांडण नाही. अमेरिकेतल्या लिटल बिगहॉर्नच्या रणभूमीवर १९८३ मध्ये गवत जळून जमीन उघडी पडली. पुढच्या वर्षी पुरातत्त्ववाल्यांनी डिटेक्टरवाल्या स्वयंसेवकांनाच बोलावलं. प्रत्येक गोळी, प्रत्येक काडतूस जिथे सापडलं तिथे झेंडी लावून मोजलं. बंदुकीच्या फायरिंग पिनने काडतुसावर उमटवलेल्या खुणा जुळवून एकेक बंदूक मैदानात कुठून कुठे गेली तेही काढलं. तीच काडतुसं हौशी लोकांनी गोळा करून बरणीत भरली असती तर भंगार होतं.

धागाकर्त्यांनी गोळी कुठे सापडली ते लिहून ठेवलंय का? शेत नांगरटीचं आहे का? नांगराच्या थरात माती आधीच ढवळलेली असते, तिथलं नाणं उचललं तर थराचं नुकसान फारसं नाही. पण जागा नोंदवलीच पाहिजे. नांगराच्या खालच्या न ढवळलेल्या मातीत सिग्नल असेल तर हात लावू नका.

खिळेसम्राट

दोन रविवार गायब होतो, क्षमस्व. एकेक सांगतो.

शेत नांगरटीचं आहे. डिस्क्रिमिनेशन उतरवलं. पहिला तास डोकं उठलं. नंतर कान सरावले, लोखंडाच्या घरघरीत मधेच एखादा गोल आवाज वेगळा कळायला लागला. ६ इंची कॉइल एका मित्राकडून आणली. काटकोनाची युक्ती चालते. निम्मे खड्डे वाचले. एक बटण आणि घंटेसारखं काहीतरी मिळालं. एकदा तर खड्ड्यात सिग्नलच नाही, बाजूच्या ढिगात वाजतोय. काखेत कळसा! ते निघालं बूचच, पण आनंद झाला.

आता टकसाळ यांच्या प्रश्नाबद्दल. डबा सतरंजीवर उपडा केला आणि तो अर्धगोल शोधला. गंज नाही. लोखंडाचा समजलो होतो, पण चुंबकाला चिकटत नाही. सरळ बाजू खरंच सरळ आहे, कात्रीने कापल्यासारखी. आणि... अंगठ्याने चोळल्यावर त्यावर अक्षरांसारखं काहीतरी दिसतंय. अजून चोळू का? लिंबू लावू का?

टकसाळ

थांबा!! चोळू नका. लिंबू, व्हिनेगर, टूथपेस्ट, काहीही नाही.

मातीत बारीक वाळू असते, चोळलं की तीच पॉलिश पेपरचं काम करते. शतकं टिकलेली अक्षरं एका मिनिटात जातात. ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यात बुडवून ठेवा, माती आपोआप सुटू द्या. तांब्याचं असतं तर आम्लाने वरचा हिरवा थर निघून गेला असता. तो थर म्हणजे मळ नव्हे, नाण्याची कातडी आहे, कित्येकदा अक्षरं त्या थरातच उरलेली असतात. हे मी अनुभवातून सांगतोय. माझं पहिलं तांब्याचं नाणं मी लिंबात रात्रभर ठेवलं होतं. सकाळी गुलाबी, खड्डे पडलेली चकती मिळाली. ती अजून टेबलावर ठेवली आहे, शिक्षा म्हणून.

आता आनंदाची बातमी. ते कापलेलं नाणं असण्याची शक्यता आहे. सुटे पैसे कमी पडले की लोक नाणंच कापत. इंग्लंडमध्ये चांदीच्या पेनीचे दोन किंवा चार सरळ तुकडे करत. मागच्या बाजूचा क्रूस त्यासाठी सोयीचा पडायचा. १२८० पासून तिथे गोल अर्धी पेनी रीतसर पाडू लागले, तेव्हा कापाकापी थांबत गेली. व्हायकिंगांच्या साठ्यांत अरबी दिरहमांचे तुकडे वजनावर वापरलेले सापडतात. ८ रियाल या स्पॅनिश चांदीच्या नाण्याचीही तीच गत. तुकडा म्हणजे मोडकं नाणं नव्हे, तो तेवढ्या किमतीचा पैसाच.

वजन आणि सरळ कडेची लांबी कळवा. फोटो काढताना उजेड बाजूने तिरका पाडा, फ्लॅश नको.

गंजकाका

सहा महिने पत्रा म्हणून डब्यात! सम्राटांचा खजिना खिळ्यांखाली. :)) अर्धं नाणं, तेही पातळ, म्हणजे आकडा घसरून कड्यांच्या रांगेत आला असणार. कडी समजूनच खणलंत ना?

खिळेसम्राट

होय काका. कडी समजूनच खणलं आणि कडी नाही म्हणून वैतागून डब्यात फेकलं.

वजन ०.६ ग्रॅम (दागिने तोलायचा छोटा काटा आणला). सरळ कड १८ मिलिमीटर. मागच्या बाजूला मधोमध एक जाड रेघ आहे, कडेपर्यंत गेलेली. पाण्यात ठेवलंय. बायको दर तासाला येऊन वाकून बघते, आता खिशातून पडलं असं म्हणत नाही.

थरावरथर

अभिनंदन, मनापासून. वजन-माप बघता टकसाळ यांचा अंदाज बरोबर वाटतो. नोंदणीची सोय असलेल्या ठिकाणी दाखवाच. इंग्लंड-वेल्समध्ये १९९७ पासून अशा सुट्या वस्तूंची नोंद ठेवतात, १५ लाखांहून जास्त झाल्या आहेत. बाजार कुठे भरायचे, वाटा कुठून जायच्या, ते नकाशे अशाच फुटकळ नोंदींतून तयार झालेत.

नेमकं कुठे सापडलं होतं? तुमच्या जुन्या वाटेजवळ?

खिळेसम्राट

हाच प्रश्न येणार म्हणून दोन दिवस उत्तर टाळत होतो. आठवत नाही. शेत तेच, एवढं नक्की. वाटेच्या बाजूला की ओढ्याच्या बाजूला, कुठल्या महिन्यात, काही सांगता येत नाही. त्या दिवशी मला ती फक्त नसलेली कडी होती.

थरावरथर

हं. मग 'शेत माहीत, जागा अज्ञात' अशी नोंद करा. त्यालाही किंमत आहे, थोडी कमी. गोळीचंही तसंच ना?

खिळेसम्राट

गोळीचंही तसंच.

आज झिपच्या पिशव्या आणि न पुसणारं पेन आणलं. या रविवारपासून खिळा असो की बूच, पिशवीवर फोनमधले अक्षांश-रेखांश लिहिणार. जुना डबा तसाच झाकून ठेवलाय. त्यात अजून एक वाकडा पत्रा आहे, तोही पाण्यात टाकलाय. टकसाळ, फोटो रात्री चढवतो.

टकसाळ

वाट बघतोय. दोन्ही बाजूंचे टाका.